रांजणातले मासे, मोरीचे पाणी



काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळणे ही शहरातल्या सवडीच्या माणसांची हौस, असे आपल्याकडे समजतात. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षे मुंबईला गेलेला गावकरी ते बघून यायचा आणि घरी आल्यावर पोराबाळांना त्याचे वर्णन सांगायचा. आपल्याही घरी असे काही करावे, हे मात्र त्याच्या मनात येत नसे. हल्ली तालुक्याच्या बाजारात पेटी, पंप, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे असा सगळा संच मिळतो. मुले हट्ट धरतात, बाप घेऊन देतो. दोन महिन्यांत मासे मरतात आणि पेटी कोपऱ्यात कांदे ठेवायला लागते. पैसे गेले ते गेलेच, वर मुलांच्या मनाला हळहळ लागते ती वेगळी.

खरे पाहता यातले निम्मे सामान लागतच नाही. घरात असलेल्या, टाकून दिलेल्या वस्तूंवर मासे उत्तम राहतात. कसे ते सांगतो.

आधी मासा कोणता घ्यावा ते बघू. नवशिक्याने गप्पी घ्यावा. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्या बाजूच्या बेटांवरचा. गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली त्रिनिदाद बेटावरून त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयात पाठवले, म्हणून त्याला हे नाव पडले. आपल्या राज्यात आरोग्य खात्याने डासांच्या बंदोबस्तासाठी तो गावोगाव दिला आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तिथला गप्पी साधा असतो, बाजारातल्यासारखी झुपकेदार शेपटी त्याला नसते, पण अंगाने काटक असतो. आमचे मत विचाराल तर सुरुवातीला तोच बरा.

आता भांडे. जुना रांजण असेल तर फार छान. माती पाणी थंड ठेवते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, रांजण गळ्यापर्यंत भरू नये. पाण्यात हवा मिसळते ती पृष्ठभागातून. पाण्याचा वरचा पसारा जितका मोठा, तितके माशाला श्वास घेणे सोपे. म्हणून रांजणाचे पोट जिथे सर्वांत रुंद आहे तिथपर्यंतच पाणी भरावे. एवढे केले आणि मासे बेताचे ठेवले, तर पंपाची गरज नाही. वीज गेली तरी आपले काही अडत नाही.

घरात जुन्या खिडकीच्या किंवा कपाटाच्या काचा पडून असतील तर तालुक्याचा काचवाला त्यांची पेटी जोडून देतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन ५६ किलो. डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नये.

आजीच्या वेळचे तांब्या-पितळेचे घंगाळ दिसायला देखणे असले तरी माशांसाठी वापरू नका. तांबे पाण्यात उतरते आणि ते माशाला विषच आहे. जस्ताच्या बादलीचेही तसेच. सिमेंटचा नवा हौद असेल तर त्याचा खार निघेपर्यंत दोन-तीन आठवडे पुनःपुन्हा पाणी भरून सोडून द्यावे. ते पाणी वाया घालवू नका, बांधकामाला मारायला चालते. आणि ज्या पिंपात कीटकनाशक किंवा कसलेही रसायन आले होते, ते कितीही धुतले तरी घेऊ नये.

तळाला नदीची वाळू चाळून, स्वच्छ धुऊन दोन बोटे पसरावी. लपायला फुटके मंगळुरी कौल चालते. पाटात, तळ्यात हायड्रिला नावाची पाणवनस्पती असते, तिच्या चार काड्या धुऊन सोडाव्या. झाला संसार. बाजारातून मासे आणताना दुधाची किटली बरोबर न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत मासे उकडत आणण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

हे सगळे वाचून घरातली वडीलधारी मंडळी हसतील. त्यांच्या काळात वस्तू टाकून देणे म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. लुगडे फाटले की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पोतेरे. वाण्याच्या पुडीचा दोरा गुंडाळून खुंटीला अडकवायचा, पुडीचा कागद चुलीला. चुलीची राख भांड्यांना, भांड्यांचे पाणी मोरीतून परसातल्या अळवाला आणि केळीला. उष्टे खरकटे गुरांना. भांड्याचे पितळ उघडे पडले की कल्हईवाला यायचा, स्टोव्हला पिन मारणारा यायचा, आणि जुने कपडे बोहारीण घेऊन जायची, त्यावर भांडे मिळायचे. लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळीवर उठायच्या आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी उकिरड्यावर कुजून खत. आता पंगत उठली की पांढऱ्या ताटल्यांचा ढीग ओढ्यात पडतो आणि पावसाळ्यात मोरीला जाऊन अडकतो. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी बांधाला उडालेल्या पिशव्या आपण रोज बघतोच.

मात्र एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. ती काटकसर सगळी हौसेची नव्हती. बरीचशी नाइलाजाची होती. पाणी जपून वापरायचे, कारण ते घरच्या बाईने डोक्यावरून आणलेले असायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसाला काटकसर शिकवावी लागली नाही. ते हाल पुन्हा नकोत. पण एका कामाचे पाणी दुसऱ्या कामाला वापरण्याची जी रीत होती ती हालामुळे आली असली तरी चांगलीच होती, आणि मासे पाळणाऱ्याला ती आपोआप परत शिकावी लागते.

ती कशी, ते बघा. मासा खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया थोडासा वाढला तरी मासा तडफडतो. पण वाळूवर, कौलावर, भांड्याच्या भिंतीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसे बाधत नाही आणि झाडाला खत म्हणून लागते. आपल्या शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत जे घडते, तेच इथे पाण्यात घडते. फरक एवढाच की नव्या भांड्यात हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. बाजारातल्या पेटीतले मासे मरतात ते बहुधा याच काळात. पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले, मुठीने खाणे टाकले, मग पाणी गढूळ दिसले म्हणून सगळी वाळू घासून धुतली आणि होते नव्हते ते जिवाणूही गेले.

म्हणून सुरुवातीला चारच मासे सोडा, एक नर आणि तीन माद्या. सगळे पाणी कधीही एकदम बदलू नका. आठवड्याला चौथा हिस्सा काढावा आणि तेवढेच ताजे भरावे. ५६ लिटरच्या पेटीतून दर आठवड्याला १४ लिटर, म्हणजे साधारण एक घागर पाणी निघते. ते मिरचीला, वांग्याला, कढीपत्त्याला घाला. त्यात खताचा अंश असतो. त्याने युरियाची गोणी वाचेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, पण परसबागेला ते साध्या पाण्यापेक्षा सरस आहे.

भरायचे पाणी विहिरीचे असेल तर चांगले. बोअरचे पाणी क्षाराचे असले तरी गप्पीला चालते. मात्र ते ताजे घालू नये, बादलीत रात्रभर ठेवून दोन-चार वेळा उंचावरून ओतावे, म्हणजे हवा मिसळते. ग्रामपंचायतीच्या नळाला टी.सी.एल. पावडर घातलेली असते, ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्याशिवाय घालू नये.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. टँकरचे किंवा आठ दिवसांनी येणारे पाणी आपण पिंपात, हौदात साठवतो. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करून घासा असे सांगतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसते ओतून भागत नाही, घासावेच लागते. पण जिथे पाण्याचाच दुष्काळ तिथे भरलेला हौद ओतायचा कसा? अशा वापराच्या पाण्याच्या हौदात, गुरांच्या टाकीत आपल्या रांजणातले गप्पी सोडावे. वळवळणाऱ्या अळ्या ते टिपून खातात. दोनशे लिटरच्या पिंपाला आठ-दहा मासे पुरतात. पिण्याच्या पाण्यात मासे नकोत, ते भांडे घट्ट झाकावे. ज्या घरात डेंग्यूचा तापकरी होऊन गेला आहे, त्या घराला हे जास्त सांगावे लागणार नाही.

पण हौदातच. ओढा, नदी, पाझर तलाव यांत गप्पी सोडू नका, मासे फार झाले म्हणूनही नाही. परका मासा एकदा वाहत्या पाण्यात गेला की परत आणता येत नाही, आणि आपले गावठी मासे त्याच्यापुढे मागे पडतात. चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. आज उजनीच्या मच्छीमाराला विचारा, जाळ्यात काय येते ते तो सांगेल. हायड्रिलाच्या छाटलेल्या काड्याही पाटात टाकू नका, पाट तुंबतो. त्या खताच्या खड्ड्यात जाऊ द्या.

फवारणीच्या दिवशी विशेष जपावे. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशाला अगदी थेंबभरानेही मारतात. फवारणीची बादली हौदात बुडवली, किंवा तसेच हात धुतले, की तासाभरात मासे उलटे पडतात. असे झाले तर नुसती हळहळ करू नका. त्याच टाकीवर आपली गुरे पाणी पितात, म्हणून ते पाणी गुरांना दाखवू नये, टाकी रिकामी करावी.

खाण्याचे थोडक्यात. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड सारखी घेऊन बारीक वाटावी, वाळवून ठेवावी. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढी चिमूट दिवसातून एकदा पुरे. उपाशी राहून मेलेल्या गप्पीपेक्षा जास्त खाण्याने पाणी नासून मेलेले गप्पी कितीतरी अधिक. हौदात अळ्या असतील तर वेगळे खाणे घालूच नये, नाहीतर आयते मिळते म्हणून ते अळ्या शोधणार नाहीत.

गप्पी अंडी घालत नाही, पिलेच देतो. महिन्याच्या अंतराने मादी विते, आणि एकदा नर लागला की पुढची कित्येक वेते ती नराशिवायही देते. आईच पिले खाते, त्यासाठी हायड्रिला दाट ठेवावी म्हणजे ती लपतात. जास्त झालेली पिले शेजारच्या हौदाला, शाळेला द्यावी. वर्षातून एकदा दुसऱ्या गावचा नर आणून सोडावा, म्हणजे वाण खुरटत नाही. यात बाजाराचा पैसा होईल अशी आशा धरू नका, साध्या गप्पीला गिऱ्हाईक नाही.

निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात डिसेंबर-जानेवारीत रांजण घरात घ्यावा किंवा भोवती गोणपाट गुंडाळावे. चार-पाच दिवस परगावी जायचे असेल तर मासे उपाशी राहिले तरी चालतात. पंढरीची वारी असेल तर शेजारच्या घरी सांगून जावे, पण खाण्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. एक दिवसाआड एक, अशा चिमटीएवढ्या कागदाच्या पुड्या बांधून ठेवाव्या आणि तेवढ्याच द्यायला सांगावे.