रस्ता खचतो तो कडेने
रस्त्यांची गोष्ट : भाग 5

18 जुलै 2024, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. पंढरपूरहून परतलेले वारकरी जालन्यात उतरून काळी-पिवळीने राजूरकडे निघाले होते. तुपेवाडीजवळ दुचाकीला चुकवताना गाडी रस्ता सोडून थेट लगतच्या विहिरीत गेली. सात जण दगावले. वर्षभराने, ऑगस्ट 2025 मध्ये, जाफ्राबाद तालुक्यात गाडेगव्हाणजवळ कार विहिरीत कोसळली आणि पाच जीव गेले.

अशा बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य हमखास येते. ताबा कुठेही सुटू शकतो. सुटल्यावर गाडी कुठे जाते, हे मात्र रस्त्याची कड ठरवते. गेल्या भागात डांबराच्या थरांची माहिती घेतली. या आठवड्यात मुक्काम कडेलाच.

जालना जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या जमिनीचा. कपाशीला, तुरीला ती मानवते, रस्त्याला मानवत नाही. या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रस्त्याखाली हा प्रकार सगळीकडे सारखा होत नाही. मधल्या मातीवर डांबराचे झाकण असते, तिचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. कडेची माती पावसाळ्यात भिजून फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. मध्य स्थिर, कड वर-खाली; म्हणून पहिली भेग पडते ती कडेपासून दोन-तीन फुटांवर, रस्त्याला समांतर. पुढच्या पावसाचे पाणी त्याच भेगेतून खडीत उतरते. मग एखादा भरलेला ट्रक कडेने गेला की तिथला तुकडाच निखळतो.

भरलेल्या ट्रकांची जालन्यात वाण नाही. इथल्या सळईच्या कारखान्यांत भंगार येते आणि सळई बाहेर जाते, दोन्ही वजनदार. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी ॲक्सलची भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वाढ जेमतेम 13 टक्क्यांची. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ठोकताळा सांगतो की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने हीच वाढ झिजेत 60 टक्क्यांच्या वर जाते. हा झाला कायद्यात बसणारा भार, त्यापुढचा वेगळा.

उपाय नवे नाहीत. रस्त्याखालची काळी माती काढून मुरूम भरायचा, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करायचे. साइडपट्टी मुरमाची, रोलरने नीट दाबलेली आणि डांबरी भागापेक्षा थोड्या जास्त उताराची हवी, म्हणजे पाणी न थांबता नालीत जाते. बिघडते ते नालीपाशी. शेतात बैलगाडी-ट्रॅक्टर न्यायचा तर नाली ओलांडावी लागते. तिथे पाइप टाकलेला नसेल, तर शेतकरी माती लोटून वाट करतो. पाणी तुंबते आणि रस्त्याखाली मुरते. शेतकऱ्याकडे दुसरा मार्ग नसतो. चूक त्या पाइपाला वगळणाऱ्या अंदाजपत्रकाची आहे.

दुसरा धोका नवा रस्ता झाल्या झाल्या सुरू होतो. जुन्या डांबरावर नवा थर चढतो, रस्ता दोन-तीन इंच उंच होतो आणि साइडपट्टी होती तिथेच राहते. समोरच्या गाडीला जागा देताना डावे चाक खाली उतरते. चालक घाबरून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो, तरी चाक त्या उभ्या कडेला घासत राहते, वर चढत नाही. तो आणखी जोर लावतो. मग चाक एकदम वर येते आणि वळलेल्या स्टिअरिंगनिशी गाडी थेट समोरच्या लेनमध्ये घुसते. दुचाकीस्वार तर जागीच आडवा होतो. अमेरिकेत यावर ‘सेफ्टी एज’ ही पद्धत रूढ झाली: डांबर पसरतानाच कड उभी न ठेवता सुमारे 30 अंशांत तिरकी दाबून घ्यायची. पेव्हरला एक जोडभाग लावला की काम होते, खर्चही थोडा. मराठवाड्याच्या प्रत्येक निविदेत ही अट घालायला हरकत नसावी.

20 सप्टेंबर 2024 रोजी अंबड तालुक्यात शहापूरजवळ एसटी बस आणि मालट्रकची समोरासमोर धडक होऊन किमान सहा जण गेले. त्या अपघाताचे कारण काहीही असो, दुपदरी रस्त्यावर अशी धडक टाळायला चालकाकडे मोकळी जागा एकच असते, डावीकडची साइडपट्टी. ती खचलेली असेल तर तीही गेली.

हंगामात तीच साइडपट्टी उसाने अडते. तीर्थपुरी, अंकुशनगर, वाटूर या भागांत रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. ट्रॉली पंक्चर झाली की भोवती दगड मांडतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. मागे लाल परावर्तक पट्टी आणि जवळ एक घडीचा त्रिकोण, एवढ्याने बरेच वाचेल.

सरकारी व्याख्येत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे सुमारे 500 मीटरचा असा पट्टा, जिथे तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे दगावली. या मोजणीत विहीर आधी येतच नाही. माणसे गेल्यावर येते. रस्त्यालगतच्या बिनकठड्याच्या विहिरी कुठे आहेत, हे गावोगावच्या ग्रामपंचायतींना आजही विचारता येईल. तलाठी आणि शाखा अभियंत्याने मिळून ती यादी करावी, वळणावरच्या विहिरी आधी घ्याव्यात. क्रॅश बॅरिअर लावताना एक पथ्य पाळावे लागेल: नुसत्या काळ्या मातीत ठोकलेले खांब दोन-चार पावसाळ्यांत ढिले होतात, त्यांना काँक्रीटचा पाया द्यावा लागतो.

(पुढील भागात : समृद्धी महामार्गाचे काँक्रीट)