आधी अडचण, मग सूत्र

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती शिकतात ती प्रत्यक्ष कामे करत. लोखंडी फाटकाचा अंदाजखर्च काढायचा तर मापे, वजन आणि दर यांचे गणित टळत नाही. जोड निखळला तर चूक झाली हे कुणी सांगावे लागत नाही. तंत्रशिक्षणाचा क्रम असाच हवा.

हातकामात वेळ गेला की सिद्धान्त कच्चा राहतो, असा आक्षेप घेतला जातो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा २०१४ चा एकत्रित आढावा वेगळे सांगतो: निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास झाले, स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. हे आकडे हातकामाच्या प्रकल्पांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. अशा प्रकल्पांच्या खर्चाची अडचण मात्र खरी आहे. तरीही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून विकत आणून गुण मिळत असतील, तर ती त्याहून मोठी उधळपट्टी. म्हणून गुण केवळ तयार वस्तूला न देता फसलेल्या आराखड्यांच्या नोंदवहीलाही द्यावेत, आणि प्रकल्प पहिल्याच वर्षी सुरू व्हावा.