पडद्यावरचा राक्षस भिववतो कशाने?

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या ग्वाल्हेरात, उत्तर भारतातील इतर शहरांप्रमाणेच, रावणाची प्रचंड प्रतिमा उभी केली जाते. दहा डोकी, वटारलेले डोळे, करवतीसारखे दात आणि पोटात ठासून भरलेले फटाके! भिववण्यासाठी जे जे लागते असे आपण समजतो, ते सर्व तिच्या ठायी असते. तरीही मुले तिच्या पायाशी बसून खुशाल शेंगदाणे खातात. बिर्लानगरातील मराठी घरांतली हीच मुले रात्री आईने नुसते ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे म्हटले की पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात. बागुलबुवाला डोकी किती, दात कसे, तो राहतो कोठे, हे त्यांना कोणीही सांगितलेले नसते.

श्रोतेहो, विज्ञानकथेवरील चित्रपटांतल्या राक्षसांचा विचार करताना हा रावण आणि हा बागुलबुवा जवळ असू द्यावेत. परग्रहावरून आलेला प्राणी, प्रयोगशाळेत निपजलेला जीव, समुद्राच्या तळातून उठलेले आदिम जनावर, अशा राक्षसांवर आजवर अमाप पैसा खर्च झाला. त्यांतले बहुतेक आपण दुसऱ्या दिवशी विसरतो; थोडे मात्र वर्षानुवर्षे मनात ठाण मांडून बसतात. हा फरक पैशाने पडलेला नाही, आणि माझ्या मते रूपानेही फारसा पडलेला नाही.

रूप लपवण्याचे महत्त्व सिनेमावाल्यांना कित्येकदा नाइलाजाने कळले आहे. १९७५ साली आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी यांत्रिक शार्क मासा करवून घेतला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो वारंवार बिघडू लागला. मग मासा दाखवण्याऐवजी नुसते पाणी दाखवणे, पाण्यावर वाहत येणारे पिवळे पिंप दाखवणे आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वरांचे संगीत वाजवणे, एवढेच हाती उरले. चित्रपट अर्ध्याहून अधिक सरतो तरी मासा नीट दिसत नाही, आणि प्रेक्षक मात्र प्रत्येक लाटेकडे संशयाने पाहू लागतो. पुढे १९७९ च्या ‘एलियन’ मध्ये रिडली स्कॉट यांनी हेच जाणूनबुजून केले. त्यातील प्राण्याच्या पोशाखात बोलाजी बाडेजो नावाचा नायजेरियन तरुण होता; त्याची उंची सात फुटांच्या आसपास. इतका उंच माणूस मिळवूनही दिग्दर्शकाने त्याला पुरता असा क्वचितच दाखवला. शिवाय त्या प्राण्याच्या डोक्याला डोळेच दिसत नाहीत. समोरचा आपल्याकडे पाहतो आहे की नाही, हेच कळेनासे झाले म्हणजे माणूस अस्वस्थ होतो.

ही युक्ती सिनेमाहून पुष्कळ जुनी आहे. बायबलातील ईयोबाच्या ग्रंथात लिव्याथान नावाच्या महाकाय जलचराचे वर्णन येते; खवले, दात, नाकपुड्यांतून निघणारा धूर, काही म्हणून शिल्लक ठेवलेले नाही. ते वाचून आपण थक्क होतो. त्याच ग्रंथाच्या आरंभीच्या भागात अलीफज नावाचा मित्र सांगतो की, रात्री त्याच्या तोंडासमोरून काहीतरी गेले, अंगावर काटा उभा राहिला, ते थांबले, पण त्याचा आकार काही त्याला ओळखता आला नाही. इतकेच. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले लिव्याथानाचे चित्र हौसेने काढतात. दुसऱ्या उताऱ्याच्या वेळी मात्र वर्ग गप्प होतो.

परंतु नुसते लपवणे पुरत नाही. अंधार दाखवून कोणालाही दोन मिनिटे भिववता येईल, दोन तास नव्हे. राक्षसाला काही नियम असावा लागतो, आणि तो प्रेक्षकाला ठाऊक असावा लागतो. जो हवे ते करू शकतो, त्याच्याशी लढायचे कसे आणि त्याच्यापासून लपायचे कोठे, हा प्रश्नच उद्भवत नाही. जिथे प्रश्न नाही तिथे धाकधूकही नाही. आपल्या जुन्या भुतांनाही पिंपळ, अमावास्या आणि उलटे पाय असे नियम होतेच. विज्ञानकथेतील राक्षस तर नियमांच्याच प्रदेशातला रहिवासी.

मराठी मुलुखातले उत्तम उदाहरण म्हणजे १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला ‘तुंबाड’. हा चित्रपट हिंदी आहे आणि रूढ अर्थाने विज्ञानपटही नाही, हे मान्य. पण त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे, त्याची भूमी कोकण, त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारे, आणि त्याच्या कथेमागे नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा. तेव्हा त्याला आपला म्हणायला हरकत नसावी. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्या वर्षी याच चित्रपटाने झाला होता.

त्यातील हस्तर हा देवीचा पहिला पुत्र. त्याने सोने बळकावले, पण धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याला झोडपले. म्हणून त्याच्याजवळ सोने अमाप आणि पोटात भूक कायमची. जमिनीच्या पोटातील विवरात तो पडून आहे. कणकेची बाहुली दाखवली की तो तिच्यावर झेपावतो. तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातील मोहरा ओढून घ्यायच्या आणि पिठाने आखलेल्या रिंगणात सुखरूप राहायचे. त्याचा स्पर्श झाला तर मरणही न येता कुजत राहायचे. पहा, किती थोडक्यात सारे ठरून गेले! आता विनायकराव दोर धरून खाली उतरतो, तेव्हा किती बाहुल्या, किती पीठ, किती वेळ, याचा हिशेब आपण त्याच्याबरोबर करीत असतो. चित्रपटाच्या पहिल्या भागात तर हस्तर दिसतसुद्धा नाही. तिथे साखळदंडाने बांधलेली एक शापित म्हातारी आहे, आणि हस्तरचे नाव उच्चारले की ती निजते. म्हणजे राक्षसाच्या आधी त्याचे नाव आले, हा शुद्ध बागुलबुवाचाच न्याय आहे. अखेरीस विनायकरावाचा मुलगा सुचवतो की पुष्कळ बाहुल्या नेऊन सबंध लंगोटच लुटावा, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उठून उभे राहतात. राक्षसाने नियम कोठेही मोडलेला नाही. आकडेमोड चुकली ती हावेने. त्या क्षणी अंगावर येणारा काटा निव्वळ किंकाळ्यांनी आणता आला नसता.

महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ मधील तात्या विंचूही असाच नियमांनी बांधलेला. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला गुंड मरता मरता आपला आत्मा एका बोलक्या बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला मरणार तो भुवयांच्या नेमक्या मधोमध गोळी लागली तरच. कल्पना १९८८ च्या एका इंग्रजी चित्रपटावरून सुचलेली दिसते; पण बाहुला आपला, रामदास पाध्ये यांच्या हातचा. अर्धवटरावाला हसणारा महाराष्ट्र तात्या विंचूला भ्यायला, ही गंमत विचार करण्यासारखी आहे. चित्रपट विनोदी, प्रेक्षकगृहात हशा चाललेला, तरी त्या काळच्या कित्येक मुलांनी खेळण्यातल्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडून ठेवल्या. लाकडी चेहऱ्यावरचा भाव बदलत नाही. राग आला तरी तेच हसू, वार केला तरी तेच. उलट २०२४ च्या ‘मुंज्या’ मध्ये संगणकाने घडवलेला मुंज्या इतका चपळ आणि इतका बोलघेवडा आहे की थोड्या वेळाने तो घरातल्या वांड पोरासारखा वाटू लागतो. आदित्य सरपोतदारांना तेच हवे असेल तर तक्रार नाही.

आणखी एक नियम असतो तो निसर्गाचा, आणि तो प्रेक्षकाला पाठ नसला तरी त्याच्या डोळ्याला कळतो. जपानच्या ‘गोजिरा’ या १९५४ मधील चित्रपटात, ज्याला जग ‘गॉडझिला’ म्हणून ओळखते, ५० मीटर उंचीचा राक्षस टोकियो तुडवतो. प्रत्यक्षात हारुओ नाकाजिमा हा नट जड पोशाख चढवून एका पंचविसांश आकाराच्या शहरातून चालत होता. आता अडचण अशी की ४५ मीटर उंचीवरून सुटलेली वीट जमिनीवर येण्यास सुमारे ३ सेकंद लागतात, तर १.८ मीटरवरून सुटलेलीला ०.६ सेकंद. उंची पंचवीसपट, तर वेळ वर्गमुळाच्या हिशेबाने पाचपट. खेळण्यातली इमारत खेळण्यासारखी चटकन कोसळली की सारे सोंग उघडे पडते. म्हणून एजी त्सुबुराया यांनी कॅमेरा नेहमीहून वेगाने फिरवून दृश्ये घेतली आणि ती नेहमीच्या वेगाने दाखवली. त्यामुळे पाऊल संथ पडू लागले, भिंती सावकाश ढासळू लागल्या आणि रबराच्या पोशाखाला वजन आले. हे गणित फळ्यावर मांडले की एरवी वर्गमुळाला कंटाळणारी मुले कान टवकारतात.

शास्त्र आणखी पुढे जाऊन सांगेल की असा प्राणी संभवतच नाही. जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या आकारमानावर एक निबंध लिहिला. माणूस दहापट उंच झाला तर त्याचे वजन हजारपट होईल, हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढेल, आणि पहिल्याच पावलाला मांड्या मोडतील, असे त्यात दाखवले आहे. पण प्रेक्षक एवढा कडक परीक्षक नसतो. जे जड दिसते ते जडासारखे हलावे, इतकीच त्याची अट असते. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ मध्ये डायनोसॉर येण्याआधी पेल्यातले पाणी थरथरते. वजन आधी येते, जनावर मागाहून. आवाजाचेही तसेच. गोजिराची आरोळी कोणत्याही प्राण्याची नाही. संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी त्यासाठी काँट्राबास वापरले. त्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून ती काढलेली आहे. कानाला ती ओळखता येत नाही आणि म्हणूनच तो तिचा पिच्छा सोडत नाही.

एवढ्याने राक्षस उत्तम वठेल. पण तो मनात राहील की नाही, हे त्याच्या पाठीशी खरे भय आहे की नाही यावर अवलंबून असते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. ‘लकी ड्रॅगन’ क्रमांक पाच या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली; नौकेवर २३ जण होते, आणि त्यांतला बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभी एक नौका समुद्रात लखलखाट होऊन नष्ट होते. गोजिराची खरबरीत कातडी बाँबने भाजलेल्या माणसांच्या व्रणांवरून घडवली, असे सांगतात. हिरोशिमा आणि नागासाकीला नऊ वर्षे झाली होती. प्रेक्षकांना हे समजावून सांगावे लागत नव्हते.

आम्हा मध्य प्रदेशातील लोकांनाही ते वेगळे समजावून सांगावे लागू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरत वस्त्यांत शिरला. हजारो माणसे मेली. त्याला रूप नव्हते, पाऊल वाजत नव्हते. डोळे जळू लागल्यावर माणसे जागी झाली आणि कशापासून पळायचे हे न कळता पळत सुटली. नियम मात्र त्याला होते, रसायनशास्त्राचे आणि वाऱ्याचे, आणि ते आधीपासून ठाऊक असणारी माणसेही होती. त्या रात्रीतून निघालेला, हस्तर किंवा गोजिराच्या तोडीचा राक्षस आपल्या पडद्यावर अजून आलेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडील परग्रहवासी म्हणजे २००३ च्या ‘कोई मिल गया’ मधला जादू, मुलांचा लाडका मित्र.

‘गोजिरा’ १९५६ साली अमेरिकेत दाखवला गेला तो बदलून. रेमंड बर या नटाची नवी दृश्ये घेऊन त्याला वार्ताहर म्हणून मध्ये बसवले गेले, आणि अणुबाँबविषयीचे बरेचसे बोलणे कापले गेले. पोशाख तोच होता, आरोळी तीच होती, टोकियोही तसेच जळत होते. लोकांनी तो चित्रपट आवडीने पाहिला आणि पुढे गोजिराची खेळणी झाली. मूळ जपानी चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत रीतसर लागला तो २००४ साली, पन्नास वर्षांनी.