आंकड्यांची नोकरी

हल्लीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा मुलगा किंवा सून 'डेटा'च्या कामावर असते. "म्हणजे नेमकें काय करतोस रे?" असें आजोबांनीं विचारलें, तर नातवास चटकन् उत्तर सुचत नाहीं. तें आम्हीच सांगतों. दुकानाच्या, बँकेच्या वा कारखान्याच्या लक्षावधि नोंदी गोळा करावयाच्या, त्यांतील चुका निवडावयाच्या, आणि मालकास एका दृष्टिक्षेपांत कळेल असा तक्ता मांडावयाचा. रोजकीर्द व खतावणी यांचेंच हें यंत्रयुगांतील रूप होय.

या विद्येच्या एका थोर पुरस्कर्त्याचें बालपण आमच्या रोह्यास गेलें, हें कित्येकांस ठाऊक नसेल. सर चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत, १९४५ सालीं, बँकेंत संशोधन व सांख्यिकी खातें निघालें आणि जानेवारी १९४७ पासून बँकेची मासिक पत्रिका छापून येऊं लागली. पुढें ते अर्थमंत्री असतां प्राध्यापक महालनोबीस यांची राष्ट्रीय नमुना पाहणी मूळ धरूं लागली. सर्व देश मोजणें खर्चाचें. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या तशीं कांहीं गांवें व त्यांतील कांहीं घरें निवडावयाचीं, तेथें जाऊन धान्याचा, कापडाचा, दिवाबत्तीचा खर्च विचारावयाचा, व त्यावरून देशाचें अनुमान बांधावयाचें. अर्थात् कोण्या गृहिणीनें उंबऱ्यावर दिलेल्या उत्तरावर ही सारी इमारत उभी!

पाया कच्चा असला म्हणजे काय होतें, याचा कटु अनुभव त्याच जिल्ह्यांतील पेणनें घेतला. २०१० सालीं रिझर्व्ह बँकेनें पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. बनावट कर्जखातीं दाखवून कोट्यवधि रुपये बाहेर काढल्याचे आरोप झाले, आणि पैपै सांठविणारे हजारों ठेवीदार हवालदिल झाले. दोष कोणाचा, हें न्यायालयांनीं ठरवावें. आम्हां गृहस्थांस त्यांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे : वरचा तक्ता कितीहि नेटका दिसो, खालची नोंद खोटी असेल तर तो तक्ता म्हणजे रंगविलेली भिंत होय.

आज संगणक बेरजेंत चुकत नाहीं. परंतु नोंद खरी कीं खोटी, हें तो आपण होऊन विचारीत नाहीं. तें विचारणें माणसाचें काम. वरिष्ठांनीं "हा आंकडा जरा बरा दिसूं द्या" म्हटलें असतां नम्रपणें "तो असाच आहे" असें सांगणें, हाच या नोकरींतील धर्म. म्हणून वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. रात्रीं पानावर बसल्यावर मुलास वा सुनेस पगार अवश्य विचारावा, पण त्याबरोबर हेंहि विचारावें, "आजच्या नोंदी तूं स्वतः पडताळून पाहिल्यास ना?"