ढोलकापुढे माइक कोठे ठेवावा?

खंजिरी भजन तुम्ही ऐकले आहे ना? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हाती खंजिरी घेऊन गावोगाव लोकजागृती केली. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळच्या आश्रमात काही दिवस राहिलेही होते. सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट अशा तालुक्यांतील खेड्यापाड्यांत आजही भजनी मंडळे आहेत. महिनोन्‌महिने सराव करून ती स्पर्धेला उभी राहतात.

आणि मग पुष्कळदा काय होते? माइक ढोलकाच्या तोंडाशी नेऊन ठेवलेला असतो. मंडपात नुसती धमधम ऐकू येते. भजनाचे शब्द कोणालाच कळत नाहीत. आवाज वाढवावा तर कर्णा शिटी मारतो. सगळी मेहनत फुकट जाते, आणि ‘मशीनच खराब आहे’ असे म्हणून सारे मोकळे होतात! खरे म्हणजे मशीन बहुधा ठीकच असते. माइकची जागा चुकलेली असते. ही जागा कशी ठरवावी, हे थोड्याशा भौतिकशास्त्रावरून आपल्याला ठरवता येईल.

माइकचा कान

माइक म्हणजे ध्वनिग्राहक. सभा-समारंभांत जो माइक वापरतात, त्यात एक पातळ पडदा असतो. पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात असते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे हलते, आणि फॅरडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे तारेत विद्युत्‌ निर्माण होते.

आपल्या कानामागे मेंदू आहे. गोंगाटातही आपण हवा तो आवाज निवडून ऐकू शकतो. माइकला ही निवड करता येत नाही. त्याच्या पडद्यावर जे आदळेल, तेच तो पुढे पाठवतो. म्हणून निवडीचे काम आपण करायचे, आणि ते जागेवरून करायचे.

कातड्याची करामत

ढोलक, तबला, खंजिरी ही सारी ताणलेल्या कातड्याची वाद्ये. साध्या गोल कातड्यावर थाप मारली की एकाच वेळी अनेक प्रकारची कंपने होतात. मूळ कंपनाची वारंवारता १ धरली, तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या पटींत येतात. म्हणून साध्या ढोलाचा स्पष्ट सूर लागत नाही. तबल्याच्या शाईमुळे मात्र या पटी १, २, ३ अशा पूर्णांकांच्या जवळ येतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली. पुढे १९३४ मध्ये रामन यांनी तिचे सविस्तर विवेचन केले.

आता एक गंमत पाहा. काही कंपनांत कातड्याचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली जातो. या दोन भागांच्या मधली रेषा स्थिर राहते आणि ती मध्यबिंदूतून जाते. माइक नेमका मध्यावर धरला, तर दोन्ही अर्ध्या भागांचे परिणाम एकमेकांना मारून टाकतात आणि ही कंपने माइकला फारशी ऐकूच येत नाहीत. उरतो तो भरीव ‘धप्प’ आवाज. माइक मध्य आणि कड यांच्या दरम्यान रोखला, तर बोटांचे बोलही स्पष्ट येतात.

अंतराचे गणित

लहानशा ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. हे खंजिरीला लावून पाहू. खंजिरी हातात असते आणि वाजवताना हलते. माइक १० सेंटिमीटरवर असेल आणि हात १० सेंटिमीटर मागे गेला, तर अंतर दुप्पट होऊन आवाज एकदम ६ डेसिबलने पडतो. माइक ४० सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्याच हालचालीने अंतर ५० होते आणि आवाज २ डेसिबलसुद्धा उतरत नाही. म्हणून हलत्या वाद्याला माइक जरा लांबच बरा.

दुसरी गोष्ट. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारे माइक जवळून वापरले की खर्जाचे आवाज अवाजवी फुगतात. ढोलकाच्या डाव्या तोंडाशी माइक चिकटवला की मंडपभर धमधम का होते, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

दोन माइक, एक भांडण

एकाने भागत नाही म्हणून दोन माइक लावले की नवा प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्याच्या रात्री, हवा ३० अंश सेल्सिअस असताना, ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. समजा, ढोलकाचा आवाज एका माइकपर्यंत १ मीटर आणि दुसऱ्यापर्यंत १.५ मीटर जातो. अंतरातला फरक अर्धा मीटर. ज्या तरंगाची लांबी १ मीटर, म्हणजे वारंवारता ३५०, त्याचा एका माइकवर उंचवटा तर दुसऱ्यावर खळगा येतो. दोन्ही एकत्र मिसळले की तो सूर दबतो आणि आवाज पोकळ लागतो.

यावर उपाय तिपटीचा नियम. वाद्यापासून माइक जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे. ढोलकाच्या दोन्ही तोंडांपासून १५ सेंटिमीटरवर एकेक माइक ठेवला, तर त्यांच्यात ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर आपोआपच राहते.

तरीही एक अडचण उरते. एका तोंडावर थाप पडली की ते कातडे आत जाते, आतली हवा दाबली जाते आणि दुसरे कातडे बाहेर फुगते. म्हणजे एका माइकपासून कातडे दूर जाते, तर दुसऱ्याकडे ते येते. दोन्ही विद्युत्‌-संकेत उलटसुलट होतात आणि खर्ज नाहीसा होतो. मिक्सरवर संकेत उलटा करण्याचे बटण असेल, तर ते एकाच माइकसाठी दाबून पाहावे. ज्या स्थितीत घुमार भरीव लागेल, ती योग्य.

पाश्चात्त्य ड्रम-संचापुढेही हाच प्रश्न असतो. तेथे स्नेअर नावाच्या ढोलाला वरून आणि खालून माइक लावतात आणि त्यातला एक उलटा करतात. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वरचा आणि बाजूचा माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर ठेवतात. हे अंतर साध्या दोरीनेही मोजता येते!

मांडणी करताना

एकच माइक असेल, तर तो ढोलकासमोर ३० ते ४० सेंटिमीटरवर, मधोमध ठेवा आणि ज्या तोंडाचा आवाज हलका त्याच्याकडे किंचित वळवा. गायकाचा माइक तोंडाजवळ आणि ढोलकापासून निदान मीटरभर दूर असू द्या. कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे त्यांचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिटी वाजणार नाही.

लाकडी तख्तपोसावर पायाने ताल धरला की कंपने स्टँडमधून माइकमध्ये चढतात. स्टँडखाली घडी घातलेले घोंगडे ठेवा. माइक ढोलकाच्या खोडाला बांधू नका. आणि माइकला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो तेथेच सोडा व मोठ्या माणसांना वीज बंद करायला सांगा. अशा वेळी आधी अर्थिंग तपासायला हवे.

करून पाहा

मित्राला ढोलक किंवा पत्र्याचा रिकामा डबा एका बोटाने हळू वाजवायला सांगा. एक कान बंद करा, डोळे मिटा आणि दुसरा कान ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवून मध्यापासून कडेकडे सरकवा. आवाजाचा बाज कोठे बदलतो, ते वहीत टिपा. मग त्याच जागी मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करा. मोबाइल आवाजाची पातळी आपणहून सारखी करतो; म्हणून लहानमोठेपणाकडे न पाहता खर्ज आणि बोल यांचे प्रमाण कसे बदलते, तेवढेच ऐका.

शाळेच्या पुढच्या स्नेहसंमेलनात माइक लावण्याचे काम तुम्हीच मागून घ्या. बरोबर एक मोजपट्टी आणि एक घोंगडे ठेवा. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांना भजनाचा शब्द न्‌ शब्द कळला, की प्रयोग यशस्वी झाला असे समजा.