बारावीनंतरचं विज्ञान – लेखांक ७ : बायोकेमिस्ट्री घ्यायची, तर रसायनाचा हात सोडू नका

गेल्या आठवड्यात आपण सूक्ष्मजीवशास्त्र पाहिलं. आज त्याची सख्खी शेजारीण, बायोकेमिस्ट्री म्हणजेच जैवरसायनशास्त्र. नीटचा निकाल लागला की विज्ञान महाविद्यालयांत प्रवेश समितीच्या टेबलापाशी पालक विचारतात, "एमबीबीएसला नंबर लागत नाही, मग बायोकेमिस्ट्री घेतली तर?" प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे बहुतेक वेळा दुसरा एक बेत असतो: मुलगी इथे नाव घालेल आणि वर्षभर पुन्हा नीटचा अभ्यास करेल.

हा बेत मला पटत नाही, आणि ते स्पष्टच सांगायला हवं. पहिल्या दोन सत्रांत या विषयाचा पाया भरला जातो. सामू, बफर, अमिनो आम्लं, ऊर्जेचे हिशेब हे सगळं तेव्हाच होतं. सकाळी क्लास आणि दुपारी कॉलेज अशा ओढाताणीत तो पाया कच्चा राहतो. नीट पुन्हा साधली नाही, तर दुसऱ्या वर्षात एन्झाइमचा धडा सुरू होतो आणि मूल बावरून जातं. रिपीट करायचं असेल तर राजरोस एक वर्ष द्या. बायोकेमिस्ट्री घ्यायची असेल तर फार तर गणपतीपर्यंत मन पक्कं करा आणि नंतर मागे वळून पाहू नका.

आता विषयाकडे. नावात 'बायो' असल्यामुळे अनेकांना वाटतं की ही पाठांतराची जीवशास्त्राची शाखा असणार आणि गणित सोडलं ते बरंच झालं. प्रत्यक्षात हा विषय आधी रसायनशास्त्र आहे. पेशीत जे चालतं ते रेणूंच्या भाषेत, मोजून सांगायचं, हे त्याचं काम. बफर बनवायचा तर लॉगॅरिदम लागतो. १९१३ साली मायकेलिस आणि मेंटेन यांनी मांडलेलं एन्झाइमच्या वेगाचं समीकरण पदवीभर सोबत राहतं. त्याचा आलेख काढता आला पाहिजे, आणि त्या आलेखावरून साखरेवर काम करणारं एखादं एन्झाइम कमी साखरेतही जोमानं काम करेल की नाही, हेही सांगता आलं पाहिजे. म्हणून बारावीला गणित सोडलेल्यांनी पहिल्याच सुट्टीत लॉग, घातांक, आलेखाचा चढ आणि प्राथमिक संख्याशास्त्र यांची नीट तयारी करावी. अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं त्यासाठी पुरतात.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या रचनेत मेजर-मायनरची निवड करावी लागते. मेजर बायोकेमिस्ट्री असेल, तर मायनर रसायनशास्त्रच घ्या असं माझं मत आहे. बायोटेक्नॉलॉजी मायनर म्हणून आकर्षक दिसते, पण तिच्यातला बराच भाग तुम्ही मेजरमध्ये शिकणारच आहात. सेंद्रिय आणि भौतिक रसायन मात्र तिथे पुरेसं मिळत नाही. आणि जवळच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री नसेल, तर नुसत्या नावासाठी मुलीला दूर पाठवण्याआधी रसायनशास्त्रात पदवी आणि मग एमएस्सीला बायोकेमिस्ट्री, या वाटेचा विचार जरूर करा.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण कमला, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी घेतली ती रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि शेवटी अटी घालून का होईना, त्यांना आत घ्यावं लागलं. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जैवरसायनशास्त्र शिकवलं, विद्यार्थ्यांना घेऊन नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. बटाटा, डाळी, नीरा असं स्वयंपाकघराच्या आसपासचंच साहित्य घेऊन त्यांनी अव्वल दर्जाचं रसायन केलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातही मोड आलेल्या मुगातलं अमायलेज काढून त्याचा वेग मोजता येतो. त्याला महागडं यंत्र लागत नाही.

इथेच प्रॅक्टिकलचा मुद्दा येतो, आणि तीन वर्षांत सगळ्यांत जास्त हेळसांड होते ती याचीच. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून रीडिंग उतरवायची पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. ती मुलांचं फार नुकसान करते. एकच उदाहरण घेऊ. ट्रिस नावाचा बफर प्रयोगशाळेत रोज लागतो. त्याचा सामू तापमानाप्रमाणे सरकतो, अंशाला साधारण ०.०३ इतका. तुम्ही २५ अंशांना सामू नेमका ८ वर आणलात आणि मग बाटली ४ अंशांच्या शीतखोलीत नेलीत, तर तो ८.६च्या आसपास जातो. तुमचं प्रथिन तेवढ्यानं बिघडू शकतं. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते, तीही बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ज्यानं स्वतः बफर बनवून थंड झाल्यावर पुन्हा सामू पाहिला आहे, तो ती जन्मात विसरत नाही. मुलाखत घेणारे असेच प्रश्न विचारतात: ब्लँक का ठेवला? प्रमाण आलेख सरळ का आला नाही? प्रथिनाचं शोषण २८० नॅनोमीटरला का मोजतात? उतरवलेल्या जर्नलातून याची उत्तरं मिळत नाहीत.

म्हणून पहिल्या वर्षापासून स्वतःची वही ठेवा. पेनानं लिहा, चुकलेला आकडा एका रेघेनं खोडा आणि शेजारी सही-तारीख घाला. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नोंदी अशाच ठेवाव्या लागतात. ती सवय पदवीतच लागली तर पहिल्या नोकरीत तुमच्यावरचा विश्वास लवकर बसतो.

तीन वर्षं की चार? नोकरी लवकर हवी असेल, किंवा एमएस्सी दुसऱ्या चांगल्या संस्थेतून करायची असेल, तर तीन वर्षांवर बाहेर पडणं योग्य. संशोधनासह ऑनर्सचं चौथं वर्ष हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. तसेच गुण चार वर्षांच्या पदवीला राखले, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो; राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. मात्र विभागात खरोखर संशोधन चालत असेल तरच ते वर्ष तिथे घालवा.

प्रवेश परीक्षांचं नियोजन दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू व्हायला हवं. आयआयटींच्या 'जॅम' परीक्षेत बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र पेपर नाही. बहुतेक मुलं बायोटेक्नॉलॉजीचा देतात, आणि त्यात बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. आयआयएससीचा एकात्मिक पीएचडी अभ्यासक्रमही जॅमचे गुण धरतो. 'गेट'च्या लाइफ सायन्सेस पेपरात रसायनशास्त्राचा भाग सक्तीचा आहे, बायोकेमिस्ट्री मात्र ऐच्छिक भागांपैकी एक. रसायनाचा हात सोडू नका म्हणतो तो यासाठीही. पुढे सीएसआयआर-नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. त्याआधी, पदवीच्या काळातच, तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करा. निवड झाली तर दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत बसायला मिळतं.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट, हिंजवडीची जिनोव्हा, छत्रपती संभाजीनगरची वोखार्ट अशा कंपन्या लशी, इन्सुलिन आणि इतर जैविक औषधं बनवतात. अशा उद्योगांत गुणवत्ता नियंत्रण विभागाला एलायझा, एचपीएलसी आणि प्रथिन-मापन येणारी माणसं लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पाळ्या कराव्या लागतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. सरकारी नोकरीत एक गैरसमज नेहमी आढळतो. औषध निरीक्षक व्हायचं म्हणून मुलं बायोकेमिस्ट्री घेतात, पण त्या पदासाठी मुख्यतः फार्मसीची पदवी लागते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत मात्र बायोकेमिस्ट्रीच्या पदवीचं नाव थेट आहे. रसायनशास्त्रवाल्यांना तिथे पदव्युत्तर पदवी लागते, तुम्हाला बीएस्सी पुरते. ही जमेची बाजू फार थोड्या मुलांना ठाऊक असते.

आणि एक विनंती. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा आतून पाहून या. तिथल्या मुलांना विचारा: स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे का, एका बॅचला किती मुलं आहेत, रीडिंग स्वतः घ्यायला मिळतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसरं कॉलेज पाहा.

(पुढच्या आठवड्यात : अन्नतंत्रज्ञान)