दोन पेरं

11 ऑक्टोबर 2023, दुपारचे सव्वाबारा. पुण्यातल्या एका रुग्णालयाचा अपघात विभाग. मी आईला घेऊन आलोय. शेजारच्या बाकावर सेंट्रिंगचं काम करणारा एक तरुण बसलाय. पापण्यांवर लाकडाचा भुसा तसाच आहे. उजव्या हाताला गुंडाळलेला पंचा भिजून काळपट पडत चाललाय. बायकोच्या हातात दुधाची पिशवी, तिच्यात बर्फाचं पाणी आणि तर्जनीची दोन पेरं. नखाखाली सिमेंट अजून दिसतंय.

"बर्फात असं थेट टाकायचं नसतं गं," सिस्टर हळूच म्हणते. "ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, पिशवी बंद करायची आणि ती बर्फावर ठेवायची." डॉक्टर तुकडा उलटसुलट करून बघतात. गोल पात्यानं चिंधड्या केल्यात, जोडता येणार नाही.

"कसं झालं?" ते केसपेपर पुढे ओढतात.

"घरी पडला," मुकादम पटकन सांगतो. हा त्या तरुणाचा मामाच, त्याच्याच गावचा. काय बोलायचं ते ठेकेदारानं फोनवर पढवलंय.

"घरी कुठं, मामा?" बायको पुढे येते. "फळ्या कापताना मशीनवर झालंय. पात्याला झाकण नव्हतंच. मशीन आलं तवापासून नाय."

डॉक्टर थांबतात. मी उठतो आणि जसं घडलं तसंच लिहा म्हणून त्यांना विनवतो. कामगार संघटनेच्या कामात कोर्टाच्या अशा फायली मी पाहिल्यात. 'घरी पडला' या दोन शब्दांपायी सगळा दावा लटकतो. ते मान हलवतात आणि लिहितात: बांधकामावर लाकूड कापण्याच्या मशीननं इजा. पोलिसांनाही कळवतात.

तासाभरानं हाताला पांढरं बँडेज बांधून तो बाहेर येतो. मामा खिशातून घडी घातलेला कागद काढतो, सोबत शाईचं पॅड. मजकूर टाइप केलेला: माझ्याच चुकीनं लागलं, 10 हजार मिळाले, यापुढे मागणी नाही. पोराला सही येते, पण हात बांधलाय. मामा त्याचा डावा अंगठा पॅडकडे नेतो.

"दादा, जरा थांबा," मी म्हणतो.

तेव्हा लागू असलेला कर्मचारी भरपाई कायदा 1923 सालचा. हक्क सोडून दिल्याचा असा कागद त्या कायद्यानं रद्दच ठरतो. त्याच्या परिशिष्टात तुटलेल्या पेरांचा हिशेबही लिहिलाय. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के कमी झाली असं धरतात, तर्जनीची दोन पेरं गेली तर 11. मी बाकावर बसून आकडे मांडतो. वय 30. रोज 750 रुपये, म्हणजे महिन्याचा पगार कायद्यानं धरता येणाऱ्या 15,000 च्या मर्यादेत बसवावा लागतो. त्याचे 60 टक्के 9,000, तिशीचा गुणक 207.98, आणि त्या गुणाकाराचे 11 टक्के. 2,05,900 रुपये. औषधपाण्याचा खर्च वेगळा. ठेकेदार पळाला तर बिल्डरकडे मागता येतं. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज चढतं.

मामा आकड्याकडे बघत राहतो. "मला काय ठावं हे?" त्याचा आवाज खाली येतो. त्याच्यावर मला राग धरवत नाही. हा हिशेब त्याला आजवर कुणी सांगितलेलाच नाही, आणि ठेकेदाराला तेच हवंय.

"हातोडी धरता येईल ना मला?" तरुण एवढंच विचारतो. कुणीच उत्तर देत नाही.

बायको तो कागद घडी करून मामाच्या हातात परत देते. केसपेपर मात्र ब्लाउजमध्ये जपून ठेवते. त्याच्या झेरॉक्सवर मी लिहून देतो: कामगार न्यायालय, दोन वर्षांच्या आत.

तुमच्या सोसायटीत, शेजारच्या प्लॉटवर काम चालू असेल, तर आज खाली उतरा आणि त्या मशीनच्या पात्यावर झाकण आहे का, तेवढं बघून या.